पडलेलं आणि टाकलेलं

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. गावात नळ यायच्या आधी तो उन्हाळ्यात पौडकडून सायकलवर आमच्या मुळशीतल्या गावी यायचा आणि विहिरीत पडलेल्या बादल्या काढून द्यायचा. फुटक्या लाउडस्पीकरचं जाडजूड लोहचुंबक तो दोराला बांधून पाण्यात सोडी. मग नाडी बघावी तसा दोर दोन बोटांत धरून डोळे मिटून उभा राही.

“माजी तांब्याची कळशी बी काढ की,” वहिनी म्हणाली.

“तांब्याची आन् ह्याची वळख न्हाई, वैनी. ह्याचं समदं नातं लोखंडाशी.”

वहिनी हसली. तेवढ्यात दोर ताणला गेला. बादलीबरोबर चुंबकाला चिकटून वर आला तो वडिलांचा अडकित्ता. आता सांगायला हरकत नाही. तो दादाच्या वाटणीला गेला, त्या रागात मीच विहिरीत टाकला होता. हरवल्याचा बोल मात्र वहिनीला लागला होता.

“घ्या,” त्यानं अडकित्ता माझ्यापुढे धरला. मी नुसताच उभा.

वहिनीनं तो घेतला. “माज्याच हातनं पडला आसंल, भावजी.”

ती घराकडे वळल्यावर दोर गुंडाळत तो हळूच म्हणाला, “पडलेलं घ्याया हात आपसूक म्होरं येतोय, मालक. टाकलेल्याला येत न्हाई.”

संध्याकाळी वहिनीनं राखेनं घासलेल्या त्याच अडकित्त्यानं सुपारी कातरली आणि पहिलं खांड माझ्यापुढे केलं. माझा हात पुढे झाला नाही. ती बराच वेळ तशीच खांड पुढे धरून उभी राहिली.