तिच्या बाकावरचा क्वार्टरबॅक

नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनमध्ये आम्हा काही मराठी घरांची अमेरिकन फुटबॉलची लीग आहे. आमच्यापैकी एकानंही तो लांबट चेंडू कधी हातात धरलेला नाही. कंपनीनं अमेरिकेत पाठवलेली एक-दोन कुटुंबं परत येताना हे वेड घेऊन आली आणि रविवारच्या बुद्धवंदनेनंतरच्या चहावर ते बाकीच्यांना लागलं. खेळ सगळा फोनवर. हंगामाच्या सुरुवातीला खऱ्या खेळाडूंमधून आपला संघ निवडायचा. रविवारी आपल्याकडे रात्रीच्या जेवणाची वेळ होते तेव्हा तिकडे सामने सुरू होतात, आणि ते खेळाडू जसे खेळतील तसे आपल्याला गुण मिळतात. मध्येच कुणाशी खेळाडूंची अदलाबदल करायची असेल तर तीही करता येते. तिला ट्रेड म्हणतात.

आधीचे हंगाम मी जिंकले होते. त्यामुळे वंदना संपून चटया गोळा करता करता लोक मला विचारायचे, "ताई, आज कुणाला खेळवू?" मी सांगायचे. ते ऐकायचे. मला ते आवडायचं, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

या हंगामात ते तिला विचारायला लागले.

ती आमच्याच गल्लीत राहते, माझ्याहून बरीच लहान आहे. नवऱ्याच्या व्हिसावर आली तेव्हा तिला गेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, नोंदणीला मी घेऊन गेले, डॉक्टर मी मिळवून दिला, सायकलवर डावीकडे वळताना हात कसा दाखवायचा हे मी शिकवलं. हा खेळही मीच शिकवला. आता ती माझ्याहून बरं डच बोलते, शाळेत नोकरी करते आणि गुणतक्त्यात पहिली आहे. मी चौथी.

तिच्याकडे दोन क्वार्टरबॅक होते. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा, संघाचा सगळा डाव त्याच्या हातात. आठवड्याला एकच खेळवता येतो, म्हणून तिचा दुसरा बाकावर बसून असायचा. कोवळा पोरगा, त्याच्या खऱ्या संघातही राखीवच होता. मग तिथला मुख्य क्वार्टरबॅक जखमी झाला, या पोराला उतरवलं आणि पहिल्याच सामन्यात त्यानं धमाल केली. ते गुण तिला मिळालेसुद्धा नाहीत, कारण तो बाकावर होता. आणि तिला त्याचं काही वाटलं नाही. मला ते जास्त लागलं.

"त्याला घेतलंस तरी कशाला?" मी विचारलं होतं.

"ताई, त्याची एक मुलाखत पाहिली. आईबद्दल किती छान बोलला."

मी आकडे बघून संघ निवडते आणि ही बाई आईबद्दलचं बोलणं ऐकून.

मी एका गोदामात खरेदी बघते. नवा पुरवठादार कितीही गोड बोलला तरी पहिली ऑर्डर लहान द्यायची, माल तपासायचा, मग पुढचं बोलायचं, असा माझा नियम आहे. पण क्वार्टरबॅकची लहान ऑर्डर देता येत नाही. घ्यायचा तर अख्खा, एका सामन्याच्या भरवशावर. माझा स्वतःचा क्वार्टरबॅक वयस्कर होता, पण दर आठवड्याला ठरलेले गुण आणायचा. त्या पोराच्या बदल्यात मला माझा धावपटू द्यावा लागणार होता, चेंडू घेऊन पळणारा, संघातला सगळ्यांत खात्रीचा. हिशेबानं ट्रेड चूकच होती.

"तुला तो हवाय, की तिच्याकडे आहे म्हणून हवाय?" नवऱ्यानं विचारलं.

"भाजी खाली लागतेय, ढवळ," मी म्हटलं.

शनिवारी मी भाकरवडी केली आणि डबा घेऊन तिच्याकडे गेले. ओट्याशी उभ्याउभ्याच विषय काढला. माझा धावपटू घे, तुझा तो बाकावरचा मला दे. ती घासाघीस करेल या तयारीनं मी गेले होते. तिनं हात पुसले, फोन घेतला.

"घ्या की ताई. माझ्याकडे नुसता बसूनच आहे."

पुरवठादार एका दमात हो म्हणाला की मी माल पुन्हा तपासते. पण तिच्यासमोर तसं दाखवायचं नव्हतं. घरी पोचले तर फोनवर तिचा प्रस्ताव आलेला. त्यात तिनं पोराबरोबर एक चांगला किकरही, चेंडूला लाथ मारून गुण आणणारा, घातला होता. मी फोन केला.

"हा किकर कशाला?"

"अहो, तुमचा डबा आलाय ना माझ्याकडे. रिकामा कसा परत करू?"

आता मी मोठी, शिकवणारी मी, आणि वरचं देणार ती? ते मला झेपणारं नव्हतं. मी माझ्या बाजूला एक रिसीव्हर टाकला. फेकलेला चेंडू झेलणारा, तसा बरा, पण माझ्याकडे त्या जागेला आणखी दोघे होते. वर लिहिलं, "माझ्याकडूनही रिकामं नको." तिनं हात जोडलेलं चित्र पाठवून ट्रेड मान्य केली.

ग्रुपवर लगेच सुरू झालं. "ही ट्रेड आहे की आहेर?" एकानं लिहिलं. "परतीचा आहेर पण आलाय," दुसरा म्हणाला. "मानपान झाले असतील तर जेवायला कधी बोलावताय?" माझा म्हातारा मी बाकावर बसवला आणि पोराला उतरवलं.

पहिल्या रविवारी पोरगा बरा खेळला. नुसता बरा, माझ्या म्हाताऱ्याइतकाच. धावपटूनं तिच्यासाठी नेहमीसारखे गुण आणले, ते मी धरूनच चालले होते. पण तो रिसीव्हर, जो मी केवळ कमीपणा नको म्हणून डब्यात टाकल्यासारखा टाकला, त्यानं चेंडू झेलून दोनदा गोलरेषा ओलांडली आणि तिला ढीगभर गुण दिले. मी ताट पुढ्यात घेऊन माझा सामना सोडून तिचा बघत बसले होते. नवऱ्यानं माझ्या ताटात आणखी भाजी वाढली. शहाणा आहे.

पुढच्या वंदनेला ती माझा डबा घेऊन आली. आत तिळाच्या वड्या, अगदी खुसखुशीत. "ताई, तुमच्या रिसीव्हरनं वाचवलं मला," ती म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं, आणि तेच मला खुपत होतं. टोमणा असता तर परत मारता आला असता. तेवढ्यात चटई गुंडाळता गुंडाळता कुणीतरी तिला विचारलं, आज कुणाला खेळवू. तिनं माझ्याकडे बोट केलं.

"ताईंना विचारा ना. मला सगळं त्यांनीच शिकवलंय."

त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली आणि तिलाच पुन्हा विचारलं.

तिचा एक डबा माझ्या घरी होता, केव्हाचा. तो मी घासून, पुसून, या वेळी रिकामाच परत करायचं ठरवलं. संध्याकाळी तिच्याकडे गेले, दारातच तिच्या हातात दिला आणि उघडून बघायची वाट पाहत थांबले. तिनं झाकण काढलं, आत पाहिलं.

"बरं झालं आणलात," ती म्हणाली. "डबेच कमी पडत होते."