राउटरखालच्या पिवळ्या मुंग्या

मंडळी, आज सकाळी नातवाने राउटर उचलला, तर खाली पिवळसर मुंग्यांची रांग. इतक्या बारीक, की धूळच सरकतेय असं वाटावं. तो फवारा आणायला निघाला. मी म्हटलं, थांब, यांना मी ओळखते. ऊब असेल तिथं या येतात.

सत्तेचाळीस साली आम्ही श्रीगोंद्याला होतो. धाकटी बहीण सातव्या महिन्यातच झाली. आई नर्स होती. तिने बाळाला कापूस घातलेल्या खोक्यात, गरम पाण्याच्या बाटल्यांमध्ये ठेवलं. दुसऱ्याच दिवशी बाळाच्या ओठांशी याच मुंग्या.

वडिलांनी रॉकेल शिंपडलं, तर त्या पांगून तीन भिंतींतून निघाल्या.

बाळंतीण आई खाटेवरून म्हणाली, "मारू नका. जातात कुठं ते बघा."

उकडलेल्या अंड्याचा कण ठेवला आणि रांगेमागे मी गुडघ्यांवर चुलीमागच्या भेगेपर्यंत गेले. वडिलांनी तिथं उकळतं पाणी ओतलं, भेग लिंपली. आठवडाभर तेच चाललं, तेव्हा कुठं त्या थांबल्या.

आज नातवालाही अंड्याचा कण ठेवायला लावला. तुमच्याकडे दिसल्या तर तुम्ही काय करता?

मग बहिणीला फोन केला. अठ्ठ्याहत्तरची झाली ती. म्हणाली, "आक्का, अजून मलाच शोधतायत. माझा पत्ता सांगू नको."