हलकी रायफल

आयर्लंडमधल्या गॉलवे शहराबाहेरच्या नेमबाजीच्या रेंजवर मी शनिवारी मित्राबरोबर जायचो. तिथे हरणांची शिकार करणारा एक म्हातारा यायचा. गुडघ्यांमुळे जड बंदूक डोंगरावर नेता येईना, म्हणून त्याने हलकी रायफल घेतली होती. पण तिच्या गोळ्या निशाणाच्या कागदभर विखुरत. तो दस्त्याचे स्क्रू आवळी, दुर्बीण बदलून बघे, काडतुसं बदलून बघे. बारीक नळी लवकर तापते, म्हणून ताप आलेल्या लेकराचं कपाळ बघावं तसा तिच्यावर पालथा हात ठेवून थांबे.

मी घरातला पहिला पदवीधर. कारखान्यात यंत्रांचे दोष शोधतो. शिकलेलं कुणाच्या उपयोगी पडावं असं फार वाटतं. मी म्हटलं, "एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लिहून ठेवा."

पाच शनिवार त्याने तसंच केलं. मग वही मिटून म्हणाला, "आता एकच बदलायचं राहिलंय. मी."

त्याने रायफल रेंज सांभाळणाऱ्या बाईंना दिली. त्यांच्या तिन्ही गोळ्या एका नाण्याखाली झाकल्या जातील इतक्या जवळ लागल्या. "बंदूक ग्रँड आहे, काही दोष नाही तिच्यात," त्या हळूच म्हणाल्या.

"जड बंदूक माझी थरथर सांभाळून घ्यायची," तो म्हणाला. "संपलं आता. हरणाला अर्धवट जखमी करणार नाही मी."

"मग जड बंदूकच न्या ना!" मी घाईने म्हटलं.

"डोंगरावर तू वाहून आणणार का ती?" तो हसला.

आणीन, असं म्हणायला हवं होतं. ते मला सुचेपर्यंत त्याची गाडी फाटकाबाहेर गेली होती.