मोरेश्वरची रॉकची खोली

कापड विणणाऱ्या लूमखाली रुई साचते, तसे आमच्या बैठकीत किस्से साचले. कोणी जमवले नाहीत. झाडले नाहीत, एवढंच.

बैठक शेलार गावात, मोरेश्वरच्या घरी. तरुणपणी तो कापडाचा टेम्पो घेऊन मुंबईला जायचा आणि फुटपाथवरून इंग्रजी रॉकच्या तबकड्या आणायचा. साठीला आल्यावर तेच अल्बम त्याने पुन्हा घेतले. मूळ टेपवरून नव्याने साफ केलेले, रिमास्टर. त्यांना प्लेअर वेगळा, स्पीकर वेगळे आणि खोलीही वेगळी. त्या खोलीवर त्याच्या बायकोचा, कमळवहिनींचा, डोळा होता. त्यांना तिथे तांदळाच्या गोणी ठेवायच्या होत्या.

"जुनंच गानं परत घेतलं. त्याला खोली कशाला?" त्या म्हणायच्या.

ऐकणारे तिघे. मोरेश्वर, त्याच्या लूम दुरुस्त करणारा जॉबर सलीमभाई, आणि मी. इंग्रजी कोणालाच येत नव्हतं.

*

लूम भिंतीपलीकडे. त्या चालू असल्या की ड्रमसुद्धा ऐकू येईना. शुक्रवारी लूम बंद, पण शुक्रवारी लाईटही बंद. शेवटी मोरेश्वरने ट्रॅक्टरची बॅटरी काढून इन्व्हर्टरला जोडली.

वहिनी म्हणाल्या, "आता नांगरनी गान्यानंच करा."

*

पहिल्याच शुक्रवारी गाण्यात बारीक करकर ऐकू आली. सलीमभाई तेलाची कुप्पी घेऊन लूमकडे गेला. तिथे आठवलं, लूम तर बंद आहेत. परत येऊन त्याने स्पीकरला कान लावला. करकर ड्रमवाल्याच्या पायाखालच्या पेडलची होती. जुन्या तबकडीत ती कधी ऐकू आली नव्हती.

"इतने साल हो गए," सलीमभाई म्हणाला, "किसी ने तेल नहीं डाला."

*

मोरेश्वरच्या एका जुन्या तबकडीवर चरा होता. तिथे गाणारा एकच शब्द तीनदा म्हणायचा. मोरेश्वरही तीनदा म्हणायचा. नव्या डिस्कमध्ये गाणारा एकदाच म्हणाला आणि पुढे गेला. मोरेश्वर मागे राहिला.

तो मुंबईला दुकानात गेला. "शब्द कमी हायेत. बदलून द्या."

दुकानदाराने दुसरी डिस्क लावून दाखवली. तिच्यातही तेच.

"म्हंजे आख्खा लॉटच खराब हाय," मोरेश्वर म्हणाला.

*

भात झोडून झालं, गिरणीतून तांदूळ आला. त्या शुक्रवारी वहिनी खोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

"आज मी पन बसते. जुन्या तबकडीत नव्हतं असं एक जरी ऐकू आलं, तर खोली तुमची. न्हाय तर उद्या गोनी आत."

मोरेश्वरने सगळ्यात चांगला अल्बम लावला. आम्ही हललो नाही. सलीमभाईने खोकला गिळला. वहिनी डोळे मिटून बसल्या.

अल्बम संपला.

"शेवटाला तो मानूस हलूच हसला," वहिनी म्हणाल्या. "ते नवीन."

आमच्यापैकी कोणी हसणं ऐकलं नव्हतं.

"हसला ना," मोरेश्वर म्हणाला.

"साफ सुनाई दिया, भाभी," सलीमभाई म्हणाला.

मी खोटं बोलत नाही. फक्त मान हलवली.

वहिनी उठल्या.

"कोनी हसला-बिसला न्हाय. पन तुमी तिगं एका जागी आनि तुमचा कोनाचाच आवाज न्हाय, हे लगीन होऊन आल्यापासून आज पयल्यांदा ऐकलं. ऱ्हाऊ द्या खोली."