आचाऱ्याचा ‘नो’

आम्ब्रोझी क्वोस हा ‘गुराल’ या पोलिश विनाशिकेवरचा आचारी. हाताला चव, तोंडात साखर, पण इंग्रजीच्या नावानं बोंब! मायदेश जर्मनांनी गिळलेला, म्हणून बोट इंग्रजांच्या प्लिमथ बंदरात राहायची आणि मालवाहू जहाजांची समुद्रात राखण करायची.

बंदरातल्या पावाच्या दुकानात विनी होती. त्याच्या आंबट कोबीच्या सूपला नाक न मुरडणारी ही पहिलीच इंग्रज पोरगी. मग काय, गडी विरघळला!

एका रविवारी विनीच्या वडिलांनी, ट्रेगिअरांनी, त्याला चहाला बोलावलं आणि आडपडदा न ठेवता विचारलं, “काय रे, माझ्या मुलीशी लग्न करायचंय ना तुला?”

आम्ब्रोझीची कळी खुलली. “नो!” मान डोलावत तो म्हणाला, “नो, नो!”

आता पोलिश माणूस घरगुती बोलण्यात ‘नो’ म्हणतो, तो ‘हो तर, म्हणजे काय!’ अशा अर्थानं. आनंदाच्या भरात बिचारा आपल्या भाषेत घसरला. पण हे ट्रेगिअरांना कोण सांगणार? विनी डोळे पुसत आत पळाली.

“माझा केक खाऊन वर हसतोस, निर्लज्जा? चालता हो!”

आम्ब्रोझीला काही कळेना. बोटीवर खलाशांचा म्हातारा मुकादम, बोसन, म्हणाला, “तुझ्या कोबीचा वास आला असेल रे त्यांना!”

दुसऱ्याच दिवशी समुद्रात जर्मन विमानं अंगावर आली. अशा वेळी आचाऱ्याचं काम खालून तोफगोळे वर देण्याचं. बोटीवर संदेशांसाठी ठेवलेला इंग्रज खलाशी हॉब्ज वाकून ओरडला, “आम्ब्रोझी, गोळे आहेत ना अजून?”

“नो!”

“मेलो!” हॉब्जनं कपाळाला हात लावला. तेवढ्यात गोळा वर आला. पाठोपाठ दुसरा. “अरे गाढवा, नो म्हणालास ना?”

“नो! म्हणजे… हो!” आम्ब्रोझीचे हात थबकले. “अरे देवा! मग मी विनीच्या बापाला काय बोलून बसलो?”

“नंतर रड!” बोसन गरजला. “गोळा दे!”

त्यानं गोळे दिले, पण डोक्यात विनीच. बोट बुडाली, तर विनी जन्मभर समजणार, यानं मला नाकारलं. आज मरायचं नाही, काही झालं तरी आज नाही, असं तो स्वतःलाच बजावत राहिला.

विमानं परतली. बोट बंदराला लागताच आम्ब्रोझी अंगातल्या एप्रनसकट दुकानाकडे धावला, मागे धापा टाकत हॉब्ज. हॉब्जनं सगळं उलगडून सांगितलं. विनीनं आधी आम्ब्रोझीला पाव फेकून मारला, मग पोट धरधरून हसली.

लग्नाला अख्खी बोट हजर. पाद्रीबाबांनी विचारलं, “विनिफ्रेड, याला नवरा म्हणून पत्करतेस?”

विनीनं आम्ब्रोझीकडे पाहिलं आणि ठणकावून म्हणाली, “नो!”

ट्रेगिअर ताडकन उठले. हॉब्जनं कोट ओढून त्यांना खाली बसवलं.

“बसा हो,” तो म्हणाला, “पोरगी हो म्हणाली.”