मुकादमांचा पुढचा ओटा

मुकादम गोल्फचं मैदान उलटं चालत. सगळे टीवरून झेंड्याकडे जातात; हे झेंड्यापासून निघत, मध्येच थांबत आणि विचारत, "नवखा माणूस हितवर येणार कसा?"

पाथर्डीकडचे. अनेक वर्षं ऊसतोडीची टोळी नेलेली. सुप्याजवळच्या माळावर मैदान व्हायला लागलं तेव्हा मजुरांवर देखरेखीला आले. चेंडू मारायच्या जागेला, म्हणजे टीला, ते ओटा म्हणत. मी शेजारच्या कारखान्यात इंजिनिअर. साहेबांनी सांगितलं म्हणून मैदानाच्या तयार भागात खेळायचो आणि तसाच खेळायचो.

मैदानाची आखणी करणारे गृहस्थ रुंद काठाची टोपी घालून पुण्याहून येत. त्यांच्या दर वाक्यात 'आव्हान' असे. सहाव्या होलला त्यांनी टीसमोरच ओढा घेतला होता. चेंडू हवेतून दीडशे यार्ड गेला तरच पलीकडे. माझा शंभरातच दमायचा.

"सायेब, ओढ्याच्या अल्याड, पुढं एक ओटा करू," मुकादम आखणीवाल्यांना म्हणाले. "फडात मी म्हाताऱ्या जोडीला लांब सरी देत न्हाई. समद्यांनी सांजच्याला गाडीपाशी पोचायचं आस्तं."

"हा ऊस नाही, मुकादम."

"व्हय. उसाला एवढी टोपी लागत न्हाई."

त्यानंतर महिनाभर मुकादमांनी एकच केलं. सहाव्या होलवर ज्याचा चेंडू जिथे थांबे किंवा बुडे, तिथे काठावर चुन्याचा ठिपका. पाऊस आला की पुन्हा ठिपके. कुणी हसलं तर त्याच्याही चेंडूचा ठिपका. पुढच्या पाहणीला मैदानाचे मालक आले तेव्हा ओढ्याचा अलीकडचा काठ पांढराफटक होता. पलीकडे पाच-सहा ठिपके, त्यांतले बहुतेक आखणीवाल्यांचे.

"ओटा झाला तर मी काम सोडतो," आखणीवाले म्हणाले.

"न्हाई झाला तर मी," मुकादम म्हणाले.

मालकांनी दोघांचाही मान राखला. ओटा मंजूर केला आणि मुकादमांना काढलं.

"चालंल की," मुकादम म्हणाले. पण ओटा पुरा होईपर्यंत हलले नाहीत. माती स्वतः चोपली, हिरवळ स्वतः लावली. जायच्या दिवशी पिशवी खांद्याला, जीप फाटकाशी उभी, आणि मला बोलावणं. "मारा."

चेंडू ओढा ओलांडून पडला. आयुष्यात पहिल्यांदा. मी शाबासकीसाठी वळलो.

"दोन महिने हितनं," मुकादम म्हणाले, "मंग मागच्या ओट्यावर जायाचं. ही जागा दुसऱ्याला लागंल." आणि जीपकडे चालू लागले.