डबा रिकामा गेला

प्रार्थनामंदिरातल्या पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, वर्गात मी वीस वर्षं एक ग्रीक शब्द शिकवत आले: खारिस्मा. आपल्या मराठी शास्त्रात त्याला कृपादान म्हटलंय. न मागता, न कमावता मिळालेली देणगी. तिची परतफेड नसते. मुलांकडून मी हे घोकून घ्यायचे. स्वतः मात्र कुणाची वाटीसुद्धा कधी रिकामी परत केली नाही. आमच्याकडे ती रीतच आहे, पण मला तिचा ताठा होता.

गेल्या वर्षी पिंपळनेरच्या बाजारात पाय घसरला आणि दोन्ही मनगटं मोडली. घरी मी एकटी. कोपरापर्यंत प्लास्टर, पाण्याचा पेला उचलता येईना. प्रार्थनेला हात जोडता येईनात, आणि खरं सांगते, जोडावेसे वाटतही नव्हते. देवावर मी रुसलेच होते. अशात समोर नव्यानं राहायला आलेल्या अक्का दुपारी डबा घेऊन आल्या. शेतकरी घरातल्या, एकादशी करणाऱ्या. आमची धड ओळखही नव्हती. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकर डाळीत कुस्करून त्यांनी मला घास भरवले. मी म्हटलं, "अक्का, फळीवरची साखर डब्यात घाला, मगच न्या." हसून त्यांनी मूठभर घातली. मग रोज हेच.

आठव्या दिवशी साखर संपली. शरमेनं मी खोटंच सांगितलं, "उद्यापासून येऊ नका, सोय झालीय." दुसऱ्या दिवशी दुपार कलली तरी पोटात अन्नाचा कण नव्हता. घेरी यायला लागली. रागारागानंच देवाला विचारलं, माझ्याकडे द्यायला काही उरलं नाही, आता काय करू? तेवढ्यात अक्का डबा घेऊनच आत आल्या. थंड चूल पाहून म्हणाल्या, "सोय कोठे शे, बाई?" मला रडू फुटलं. साखर संपल्याचं सांगून टाकलं.

त्या शेजारी बसल्या. "रोज घर जाईसन पहिले ती साखर काढनी पडे. भरेल डबामा मी भाकर कोठे ठेवू? रिकामाच माले कामले येस."

वीस वर्षं शिकवलेला शब्द मला त्या दुपारी, डाळ-भाकरीच्या घासाबरोबर कळला. डबा रिकामा गेला. फार लाज वाटली, आणि फार हलकंही वाटलं. हात जोडता येत नव्हते, म्हणून तसेच पुढे धरून देवाचे आभार मानले. प्लास्टर निघून वर्ष होत आलं. मी अजूनही हात जोडत नाही. रिकामे, तसेच पुढे धरते.